सहाशे आंबे, पण पुरावा किती?

एप्रिलमध्ये देवगडच्या एका बागेत आम्ही दोघी आंबे तोलत होतो. फळं चौदा आणे तयार, नूतन झेल्याने, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीने, देठासकट उतरवलेली. पदव्युत्तर अभ्यास करणारी विद्यार्थिनी एकेक फळ काट्यावर ठेवायची आणि मी वहीत आकडा टिपायचे. २४०, २५५, २३५. पुढच्या कलमाखाली गेलो तर २८०, २९०, २७५. बागवाले काका मागून म्हणाले, "ह्या कलमाचो आंबो दरवर्षी असोच मोठो येता."

हापूसचं प्रत्येक कलम म्हणजे एकाच वाणाची काडी, मग फळांत एवढा फरक का? कारण काडी एक असली तरी खालचा खुंट रायवळ कोयीपासून आलेला असतो आणि प्रत्येक कोय निराळी. त्यात भर म्हणजे एकाचं मूळ कातळाच्या फटीत अडकलेलं, तर दुसऱ्याला हातभर माती मिळालेली. म्हणून एका कलमाचे आंबे एकमेकांसारखे निघतात, आणि एका बागेतली कलमंही दुसऱ्या बागेतल्या कलमांपेक्षा एकमेकांना जास्त जवळची. आंबा कलमात, कलम बागेत, अशी एकात एक बसलेली ही माहिती असते. तिचा हिशेब ठेवणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीला बहुस्तरीय मॉडेल किंवा मल्टिलेव्हल मॉडेल म्हणतात.

विद्यार्थिनीचा प्रश्न असा होता: कातळावरच्या बागेतला आंबा आणि लाल मातीतल्या बागेतला आंबा यांच्या वजनात फरक आहे का? तिने १२ बागा घेतल्या, ६ कातळावरच्या आणि ६ मातीतल्या. प्रत्येक बागेत ५ कलमं, प्रत्येक कलमाचे १० आंबे. एकूण ६०० फळं. खरे आकडे तिच्या प्रबंधात येतील. इथे हिशेब समजावा म्हणून मी गोल आकडे घेते.

समजा, वजनाचा एकूण व्हेरियन्स, म्हणजे वजनं सरासरीभोवती किती पसरली आहेत याचं माप, १६०० आहे. त्याचं वर्गमूळ म्हणजे ४० ग्रॅमचं प्रमाण विचलन. त्यातले ४०० बागाबागांतल्या फरकाचे, २२५ एकाच बागेतल्या कलमाकलमांतले आणि उरलेले ९७५ एकाच कलमावरच्या फळाफळांतले. मॉडेल पहिल्यांदा हीच वाटणी करून देतं, आणि मला तिच्यात सगळ्यात जास्त रस असतो. वजनातल्या चढउताराचा चौथा हिस्सा नुसत्या बागेमुळे आहे, हे कळणं हाच एक निष्कर्ष आहे.

आता सहाशेही आंबे सुटे, एकमेकांशी संबंध नसलेले धरले, तर सरासरी वजनाची स्टँडर्ड एरर, म्हणजे ही सरासरी साधारण किती चुकू शकते याचा अंदाज, १.६ ग्रॅम येते. थरांचा हिशेब धरला की तीच ६.२ होते, जवळजवळ चौपट. दुसऱ्या शब्दांत, हे ६०० आंबे सरासरीबद्दल तेवढंच सांगतात जेवढं साधारण ४१ वेगवेगळ्या बागांतून उचललेला एकेक आंबा सांगेल. कातळ आणि माती यांची तुलना तर आणखी हळवी, कारण कातळ ही आंब्याची गोष्ट नाही, बागेची आहे. तिथे खरी तुलना ६ बागांची ६ बागांशी. दोन सरासऱ्यांत १५ ग्रॅमचा फरक दिसला, तर साध्या हिशेबात तो स्टँडर्ड एररच्या साडेचारपट भरतो आणि कुणीही "ठाम निष्कर्ष" लिहून मोकळं होईल. थरांच्या हिशेबात तो जेमतेम १.२ पट उरतो. अशा फरकावर कुणाला बागेची जागा निवडायला सांगणं मला चुकीचं वाटतं.

असं शिक्षणक्षेत्रात प्रत्यक्ष घडलेलं आहे. ब्रिटनमध्ये १९७६ साली एका अभ्यासातून निष्कर्ष निघाला की पारंपरिक, शिस्तीच्या पद्धतीने शिकलेली मुलं जास्त प्रगती करतात. त्यावर मोठा वाद झाला. १९८१ साली संख्याशास्त्रज्ञ मरी एटकिन आणि सहकाऱ्यांनी तीच माहिती पुन्हा तपासली, या वेळी मुलं वर्गावर्गांत बसलेली आहेत हे लक्षात घेऊन. तो फरक ठामपणे सांगण्याजोगा उरला नाही. एका वर्गातली मुलं म्हणजे एका कलमाचे आंबेच. पुढे १९८६ मध्ये हार्वी गोल्डस्टीन यांनी अशी मॉडेलं बसवण्याची एक व्यवहार्य रीत मांडली आणि त्यांच्या गटातूनच एमएलविन हे खास सॉफ्टवेअर आलं.

आम्ही आर या संख्याशास्त्रीय हिशेबाच्या मोफत प्रणालीतलं एलएमई४ पॅकेज वापरलं. त्यात वजन कशावर अवलंबून आहे ते लिहायचं आणि कंसात थर सांगायचे. तिने बाग हा एक थर आणि कलम हा दुसरा थर, असे दोन्ही सुटे सुटे लिहिले. उत्तर आलं: बागाबागांत फरक आहे, कलमाकलमांत जवळजवळ शून्य. ती म्हणाली, "मॅडम, कलमाचा थर काढून टाकूया का?"

मला काकांचं वाक्य आठवलं. स्वतः वजनं टिपली होती, फरक वहीत दिसत होता, मग शून्य कसा? उत्तरात थरांच्या व्हेरियन्सखाली गटांची संख्या छापलेली असते, तिकडे बरेच जण पाहतच नाहीत. तिथे होतं: बागा १२, कलमं ५. असायला हवी होती ६०. तिने प्रत्येक बागेत कलमांना १ ते ५ असेच क्रमांक दिले होते, म्हणून सॉफ्टवेअरने देवगडचं १ नंबरचं कलम आणि दापोलीचं १ नंबरचं कलम एकच झाड मानलं. बारा बागांतल्या बारा वेगळ्या झाडांची सरासरी एकमेकांत मिसळली आणि झाडांचा स्वभाव पुसला गेला. बाग आणि कलम यांच्यामध्ये तिरकी रेघ दिली, म्हणजे कलम हे त्या त्या बागेच्या आतलं आहे हे सांगितलं, आणि कलमांचा वाटा जागेवर आला. संगणकाने कसलीही तक्रार केली नव्हती.

कधी कधी मात्र तो तक्रार करतो: मॉडेल "सिंग्युलर" आहे म्हणतो, म्हणजे एखाद्या थराचा व्हेरियन्स शून्यावर येऊन टेकला आहे. पुष्कळदा त्याचं कारण गट फारच थोडे, हे असतं. चार-पाच बागांवरून बागाबागांतला फरक मोजायला गेलं की असं होतं. त्यावरून बागा सारख्याच आहेत असं मानू नये. आणि वजनासारख्या मोजमापाच्या अशा मॉडेलात एलएमई४ पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, छापत नाही, ही उणीव नव्हे. ते लिहिणाऱ्यांपैकी डग्लस बेट्स यांनी पी-व्हॅल्यू जाणूनबुजून ठेवलेली नाही, कारण अशा मॉडेलात "नेमक्या किती स्वतंत्र नोंदी" याचं सरळ उत्तरच नसतं.

या मॉडेलांची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. समजा सगळ्या बागांची सरासरी २५० ग्रॅम आहे आणि दोन बागांची सरासरी ३१० आली. एकीत ५ कलमांचे ५० आंबे तोलले, दुसरीत एकाच कलमाचे ४. मॉडेल पहिलीचा अंदाज ३०२ देतं, दुसरीचा २७८. पुरावा कमी असेल तसा अंदाज सर्वसाधारण सरासरीकडे ओढला जातो. बाजारात जाणता माणूसही थोड्या पुराव्यावर असाच सावध असतो: वरच्या थरातले चार आंबे पाहून पेटीचा भाव ठरवत नाही, खालपर्यंत हात घालतो.

फळ कापल्यावर साका, म्हणजे गरातला स्पंजासारखा खराब भाग, निघाला की नाही, असं हो-नाही उत्तर असेल तर मॉडेलची जात थोडी बदलते, थर तेच राहतात.

पुढच्या हंगामाचा आराखडा आम्ही बदलला आहे. ३० बागा, प्रत्येकी २ कलमं, प्रत्येक कलमाचे ५ आंबे. फळं निम्मी, ३००च, पण याच आकड्यांनी सरासरीची स्टँडर्ड एरर ६.२ वरून ४.५ वर येते. गाडीभाडं मात्र वाढणार. पत्र्याच्या बिल्ल्यांवर तिने आताच रंगाने क्रमांक घातले आहेत, १ पासून ६० पर्यंत, एकही आकडा दोनदा नाही.