ताप न आलेला न्यूमोनिया

नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर, लहान मूल खोकू लागले की घरातील माणसे आधी त्याच्या कपाळाला हात लावतात, आणि अंग गरम लागले नाही तर निर्धास्त होतात. तीव्र कुपोषित मुलाच्या बाबतीत हा निर्धास्तपणा जिवावर बेतू शकतो, कारण फुफ्फुसात जिवाणूंचा संसर्ग पसरलेला असतानाही अशा मुलाला ताप येईलच असे नाही.

ताप जिवाणू स्वतः आणत नाहीत. तो आपल्याच शरीराने दिलेल्या संदेशांचा परिणाम असतो. श्वासाबरोबर आत गेलेले जिवाणू वायुकोशांत, म्हणजे फुफ्फुसातील हवेच्या बारीक पिशव्यांत, पोहोचतात, तेव्हा तिथे कायम वस्तीला असलेल्या महाभक्षक पेशी त्यांना गिळतात. जिवाणू मोजके असतील तर आपल्याला काही कळतही नाही. ते वाढू लागले की याच पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी प्रथिने सोडतात. हीच प्रथिने म्हणजे ते संदेश, आणि यांनाच सायटोकाइन म्हणतात. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ यांच्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर बदलते, त्यामुळे वाहत्या रक्तातील न्यूट्रोफिल या जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे चिकटतात आणि इंटरल्यूकिन-८च्या मागावर फुफ्फुसात शिरतात. इंटरल्यूकिन-६ यकृताला सीआरपी हे प्रथिन बनवायला लावते. १९३० साली न्यूमोकॉकस जिवाणूचा संसर्ग झालेल्या रुग्णांच्या रक्तातच त्याचा शोध लागला, आणि आज जळगाव-धुळ्याच्या प्रयोगशाळांत त्याची तपासणी सर्रास होते. हेच संदेश मेंदूतील हायपोथॅलॅमसपर्यंत, म्हणजे शरीराचे तापमान राखणाऱ्या भागापर्यंत, पोहोचले की अंग तापते.

हे संदेश थोपवले तर काय होते, हे उंदरांवरील प्रयोगांत स्पष्ट दिसले आहे: टीएनएफ निकामी केल्यावर न्यूमोकॉकस त्यांच्या फुफ्फुसात अधिक माजतो. माणसांतही संधिवातासाठी टीएनएफ रोखणारी औषधे वापरात आल्यावर दबून राहिलेला क्षयरोग उफाळल्याच्या नोंदी २००१ साली प्रसिद्ध झाल्या, आणि म्हणूनच अशी औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. तीव्र कुपोषणात असे कोणतेही औषध नसते, तरीही प्रतिकारपेशींचा प्रतिसादच मंदावतो आणि त्याबरोबर तापही.

मात्र संदेश जितके जास्त तितके संरक्षण चांगले, असे मुळीच नाही. जिवाणूंवर सोडलेली न्यूट्रोफिलची विकरे (एन्झाइम) वायुकोशांच्या पातळ भिंतींनाही इजा करतात, रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि प्राणवायूची वाट अडते. इंटरल्यूकिन-१० सारखे शमवणारे सायटोकाइन त्यासाठीच असतात. वेळही तितकीच महत्त्वाची आहे. फ्लूच्या विषाणूशी लढताना वाढलेले इंटरफेरॉन-गॅमा हे सायटोकाइन महाभक्षक पेशींची न्यूमोकॉकस गिळण्याची क्षमता कमी करते, हे २००८ साली उंदरांमध्ये दाखवण्यात आले. १९१८ च्या साथीतील बहुतेक मृत्यू फ्लूच्या पाठोपाठ आलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने झाले होते, हे लक्षात घेतले की या शोधाचे मोल कळते. फ्लू उतरणीला लागल्यावर पुन्हा वाढलेला खोकला आणि धाप म्हणूनच अंगावर काढू नये.

कपाळ थंड असलेल्या मुलाचे श्वास मोजावेत. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजल्यावर दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर तो वेग जास्त समजतात. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध पीत नसेल किंवा मलूल पडले असेल, तर त्याला लगेच दवाखान्यात न्यावे. अतिशय खंगलेल्या मुलात ही चिन्हेही पुसट असू शकतात. त्यामुळे गुंतागुंत असलेल्या तीव्र कुपोषित बालकाला रुग्णालयात दाखल करताना, ताप नसला तरी, प्रतिजैविके सुरू करतात.