बटरकप पचतो, एकियम पचत नाही

वसंतात मध्य युरोपातल्या ओकच्या झाडांना लोंबते तुरे येतात. त्यांत मकरंदाचा थेंबही नसतो, कारण ओकचा पराग वारा नेतो. तरीही ऑस्मिया बायकॉर्निस ही तांबूस, केसाळ मधमाशी तिथे येते आणि पोटाखालच्या दाट केसांत कोरडा पराग भरून नेते. मकरंदासाठी ती दुसरी फुलं गाठते.

हिला ना राणी, ना कामकरी माशा, ना पोळं. भिंतीतलं भोक किंवा पोकळ बोरू सापडला की एकटी मादी त्यात ओळीनं खोल्या करते, मधे चिखलाचा पडदा घालते. आपल्या घराच्या कोपऱ्यात मातीचं घर बांधणारी कुंभारीण आठवावी. मात्र ती गांधीलमाशीची नातलग, पिलांसाठी अळ्या साठवणारी. ऑस्मिया ठेवते पराग-मकरंदाचा गोळा. त्यावर एक अंडं, की खोली बंद. आतल्या खोल्यांत माद्यांची अंडी, दाराशी नरांची, कारण नर आधी बाहेर पडतात. अळी मोठी होईपर्यंत तिला मिळणारं अन्न म्हणजे एवढा एकच गोळा. तो कोणत्या फुलाचा, यावर तिचं जगणं ठरतं.

ते किती, हे झुरिचच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दिसलं. मला तो फार सुंदर वाटतो. त्यांनी ही जात आणि तिची जवळची बहीण ऑस्मिया कॉर्नुटा घेतली. दोघी अनेक प्रकारच्या फुलांवर जाणाऱ्या. दोघींच्या अळ्यांना एकेका वनस्पतीचाच पराग खायला दिला. मोहरीच्या जातीच्या रानफुलावर दोन्हीकडच्या अळ्या छान वाढल्या. सूर्यफुलाच्या कुळातल्या टॅन्सीवर दोन्हीकडच्या वाढू शकल्या नाहीत. बटरकप या पिवळ्या रानफुलाचा पराग बायकॉर्निसला मानवला, कॉर्नुटाला नाही. एकियम या निळ्या फुलाच्या बाबतीत नेमकं उलटं झालं!

झाड पराग बनवतं ते स्वतःच्या बिया धराव्यात म्हणून. माशांनी तो पळवणं त्याला परवडणारं नाही. एकियमच्या परागात तर पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स या गटातली विषारी रसायनं असतात. एखाद्या परागावर जगायचं तर अळीच्या शरीराला त्याचं रसायन पेलता यावं लागतं, आणि ही ताकद सख्ख्या बहिणींतही सारखी नसते.

मग अनेक फुलांवर जाणारी आई काय करते? ती बरेचदा एकाच गोळ्यात दोन-चार झाडांचा पराग कालवते. त्यामुळे एखाद्या परागातलं विष विरळ होत असावं, किंवा एकात नसलेलं पोषण दुसऱ्यातून मिळत असावं, असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे.