गिअर ‘पी’मधून निघत नाही? टोइंगवाल्याला बोलावण्याआधी हे करून पाहा
(ऑटोमॅटिक गाडी असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

सकाळी ऑफिसच्या घाईत असा फोन येतो : “गाडी चालू होतेय, पण गिअर पीमधून हलतच नाहीये. गिअरबॉक्स गेला का हो?” नाही. गिअरबॉक्स बहुतेक वेळा ठणठणीत असतो. अडलेलं असतं ते ‘पी’त (म्हणजे पार्किंगमध्ये) लावलेल्या गिअरच्या दांड्याचं कुलूप. गॅरेजमध्ये आम्ही त्याला शिफ्ट लॉक म्हणतो.

ब्रेकवर पाय नसताना कुणी, विशेषतः मागच्या सीटवरून पुढे झेपावणाऱ्या पोराने, गाडी ‘डी’त (पुढे जायच्या गिअरमध्ये) टाकू नये म्हणून हे कुलूप असतं. तुम्ही ब्रेक दाबला की पेडलच्या वर बसवलेला एक छोटा स्विच दोन कामं करतो. मागचे लाल दिवे लावतो आणि गिअरच्या दांड्याखालच्या सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर हलणाऱ्या खटक्याला, कुलूप उघडायला सांगतो. एकाच स्विचवर दोन्ही कामं, हे लक्षात ठेवा. निम्मं निदान त्यातच आहे.

आधी इग्निशन पूर्ण ऑन करा. बटणाने चालू होणारी गाडी नुसती ‘एसीसी’वर (रेडिओपुरती वीज चालू) असेल तर कित्येक मॉडेलमध्ये गिअर सुटतच नाही. इंजिन बंद असताना दोन-चार वेळा पंप केल्यामुळे पेडल दगडासारखं झालं असेल, तर पाय जोरात रोवा. आता वॉचमनला मागे बाजूला उभं करा, किंवा आरशातून मागच्या भिंतीवर लाल उजेड पडतो का ते पाहा. त्याच वेळी कान दांड्याकडे ठेवा. एसी, गाणी बंद. ब्रेक दाबताच बारीकशी ‘टिक’ ऐकू यायला हवी.

दिवाही नाही आणि टिकही नाही : ब्रेक स्विच किंवा त्याचा फ्यूज. हे आम्ही जागेवर येऊन बदलतो. फार मोठं काम नाही. दिवे लागतात पण टिक नाही : सोलेनॉइड, किंवा त्याची वायर. दोन्ही आहे, तरी दांडा हलत नाही : मग दोष विजेचा नाही, उताराचा किंवा चहाचा आहे.

चहाचा म्हणजे खरंच चहाचा. कप होल्डर दांड्याला खेटून असतो. स्पीडब्रेकरवर कटिंग सांडली की साखर आत झिरपते, आणि काही दिवसांनी दांड्याचं बटण अर्ध्यावर चिकटून बसतं. त्यावर गंज सोडवायचा स्प्रे मारू नका. आत कनेक्टर असतात. कन्सोल उघडून पुसावं लागतं.

बॅटरी उतरल्यावरही हेच होतं. मीटरचे दिवे मंद दिसले तर आधी जंप स्टार्ट करा. एक गंमत सांगतो. ब्रेक पेडलच्या दांड्यावर, स्विच जिथे टेकतो तिथे, बोटाच्या पेराएवढं प्लास्टिकचं टोपण असतं. जुन्या गाडीत ते भुगा होऊन पायाखालच्या मॅटवर पडतं. मग स्विचला वाटतं ब्रेक कायम दाबलेला आहे. रात्रभर मागचे दिवे जळतात, सकाळी बॅटरी शून्य, आणि गिअर ‘पी’त बंद. मॅट झटकताना असे तुकडे दिसले तर फेकू नका, आम्हाला दाखवा.

आता उतार. पोडियमच्या रॅम्पवर किंवा पारसिक हिलच्या गल्ल्यांत गाडी लावणाऱ्यांनी हे जरा सावकाश वाचावं. ‘पी’ म्हणजे गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकात अडकणारं एक लहानसं लोखंडी खिळं. हँडब्रेक न ओढता पाय सोडला की सगळ्या गाडीचं वजन त्या खिळ्यावर येतं. सकाळी दांडा ओढताना ‘खट्ट’ आवाज येतो, किंवा निघतच नाही. म्हणून लावताना : ब्रेक दाबून ‘एन’ (न्यूट्रल), हँडब्रेक, मग पाय हलकेच सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, पुन्हा ब्रेक, आणि शेवटी ‘पी’. निघताना ब्रेक पूर्ण दाबून आधी ‘पी’तून काढा, हँडब्रेक नंतर. गिअर तरीही अडकला तर ब्रेक दाबून दांडा एकदा घट्ट ओढून पाहा. उताराच्या बाजूला माणसं उभी करून गाडी ढकलायला लावू नका. वजन काढायला आम्ही पट्टा घेऊन येतो.

तातडीची सोय बहुतेक दांड्याच्या गाड्यांत दिलेली असते. दांड्याजवळ नखाएवढं झाकण दिसेल, कधी त्यावर ‘शिफ्ट लॉक’ लिहिलेलंही असतं. हँडब्रेक ओढा, इग्निशन ऑन करा, ब्रेक दाबा. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळून झाकण काढा, आतली खाच खाली दाबून धरा आणि दांडा ‘एन’वर घ्या. ‘एन’मध्येही इंजिन चालू होतं. मात्र मागचे दिवे लागत नसतील तर तशीच गाडी घोडबंदर रोडवर काढू नका, मागून कंटेनर येत असतात. गोल नॉब किंवा बटणाचा गिअर असेल तर ही खाच नसते, तिथे हात घालू नका. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच-गिअर यंत्र बदलतं) गाड्यांत बहुधा ‘पी’च नसतो, त्यांचे प्रश्न वेगळे.

टो करावीच लागली तर चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड मागवा. ‘पी’त असलेली गाडी इंजिन फिरवतं ती चाकं (बहुतेक गाड्यांत पुढची) जमिनीवर ठेवून ओढली, तर जो गिअरबॉक्स ठीक होता तोही जाईल.

आम्हाला फोन करताना एवढं सांगा : दिवे लागतात का, टिक वाजते का, गाडी उतारावर आहे का. बेसमेंटमध्ये असेल तर रॅम्पच्या तोंडावर लिहिलेली उंचीही सांगा. फ्लॅटबेड आत जाणार नसेल तर गाडीच्या चाकांखाली घालायची ट्रॉली घेऊन निघतो.