तिरप्या उन्हाचा हिशोब

उन्हाळ्यात वाळवणं घातली की साडेचार-पाचच्या सुमारास घरातलं कुणीतरी म्हणतंच, "ऊन कललं, आता काय वाळणार?" घाम तर अजून निथळत असतो. मग पापडांनाच ऊन कमी का पडतं?

एक पापड हातात घ्या. पुण्यात मेच्या मध्यावर, दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा पापड जमिनीला समांतर धरला, तर खाली त्याच्याएवढीच गोल सावली पडते. आता पावणेपाचला पुन्हा गच्चीवर या. सूर्य क्षितिजापासून साधारण 30 अंशांवर उतरलेला असतो. पापडाचं तोंड थेट सूर्याकडे करा. सावली लांबुळकी होते, रुंदी तेवढीच पण लांबी दुप्पट. पापडाने अडवलेलं ऊन एरवी या सगळ्या सावलीवर सांडलं असतं. म्हणजे तेवढ्याच उन्हाला आता दुप्पट जागा पुरवायची आहे, आणि प्रत्येक बोटभर फरशीच्या वाट्याला निम्मंच येतं. गणितात हाच 30 अंशांचा साइन, 0.5. शाळेत तो पाठ करताना त्याचा पापडांशी संबंध आहे असं कुणी सांगितलं नव्हतं!

त्यात किरणांना हवेतून जवळजवळ दुप्पट अंतर कापावं लागतं, त्यामुळे वाटेतली गळतीही वाढते.

आमच्याकडे यावर एक जुनी युक्ती आहे. उरलेले पापड सुपात घालायचे आणि सूप पूर्वेच्या कठड्याला टेकवून पश्चिमेकडे तोंड करून ठेवायचं. सूप किरणांना काटकोनात आलं की पसरण्यातला तोटा जवळजवळ भरून निघतो, हवेतली गळती तेवढी राहते. घराची पश्चिमेची भिंत संध्याकाळी भट्टीसारखी तापते ती याच हिशोबाने. गच्चीला 50 टक्के देणारं तेच पावणेपाचचं ऊन उभ्या भिंतीला सुमारे 85 टक्के देतं.

थंडीचं कोडंही इथेच सुटतं. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर; जुलैत हे अंतर 15.2 कोटी होतं. म्हणजे जानेवारीतलं मूळ ऊन जवळपास 7 टक्के जास्तच! पण 22 डिसेंबरच्या आसपास पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य 48 अंशांच्या वर चढत नाही. सपाट गच्चीला सरळ उन्हाच्या 74 टक्के मिळतं, आणि दिवसही आखूड. लंडनमध्ये तेव्हा दुपारचा सूर्य जेमतेम 15 अंशांवर असतो, तिथला वाटा 26 टक्क्यांवर येतो.

गच्चीवरची सौर पॅनेल दक्षिणेकडे कललेली असतात, ती म्हणजे सुपाचीच मोठी आवृत्ती. पुण्याचा अक्षांश साधारण 18.5. तेवढाच कल दिला, तर डिसेंबरच्या दुपारी सपाट पॅनेलपेक्षा सुमारे 23 टक्के जास्त ऊन पदरात पडतं. जूनमध्ये दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा हाच कल 8 टक्क्यांचा तोटा करतो. पण तोवर आभाळ भरून आलेलं असतं, त्यामुळे तो तोटा फारसा कुणी मोजत बसत नाही.