न पाहिलेल्या घरट्यांचा हिशेब

एका पाणथळीवर गेल्या वर्षी पक्ष्यांच्या 200 माद्या मोजल्या, यंदा 190 भरल्या. आकडा घसरला खरा, पण कशामुळे? प्रौढ माद्या जास्त मेल्या, की पिल्लंच जगली नाहीत? की या 10 माद्या तिथेच होत्या आणि मोजणाऱ्याच्या नजरेतून सुटल्या? नुसत्या गणनेला यातलं काहीच सांगता येत नाही.

पायात रिंग घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदी वेगळं सांगतात. कोणता पक्षी पुन्हा कधी दिसला किंवा मेलेला सापडला, यावरून जगण्याचं प्रमाण काढतात. समजा, प्रौढ माद्यांपैकी 75 टक्के वर्षभर तगतात. म्हणजे 200 पैकी 150 उरायला हव्यात. 190 दिसल्या, तर 40 नव्या. पिल्लांपैकी 40 टक्केच पहिलं वर्ष पार करत असतील, तर गेल्या हंगामात सुमारे 100 मादी पिल्लं घरट्यातून उडाली असणार. एकही घरटं न पाहता हे कळलं! (पक्षी वर्षाचा होताच वीण करतो आणि बाहेरून कुणी येत नाही, असं इथे धरलंय.)

खऱ्या माहितीत मोजणीही चुकते आणि ते 75 टक्केही अंदाजच असतात. म्हणून ‘इंटिग्रेटेड पॉप्युलेशन मॉडेल’ अनेक वर्षांच्या मोजण्या आणि रिंगच्या नोंदी एकत्र घेतं, दोन्हींच्या शक्यतांचा गुणाकार करतं आणि दोन्हींना पटतील असे जगण्याचे आणि पिल्लांचे आकडे शोधतं. संख्येतले खरे चढउतार आणि मोजणीतली चूक यांचा हिशेब त्यात वेगवेगळा ठेवतात. बेस्बियास, मॉर्गन आणि सहकारी संशोधकांनी 2002 मध्ये ब्रिटनमधल्या टिटव्या आणि राखी बगळ्यांवर हे करून दाखवलं. पिल्लांच्या संख्येची थेट नोंद नसतानाही तिचा अंदाज निघाला.

मला मात्र या पद्धतीचा धाक वाटतो तो ‘बाहेरून आलेले’ या रकान्यापाशी. वरच्या उदाहरणात तो शून्य धरला होता; खऱ्या मॉडेलमध्ये तो बहुतेकदा शिल्लक म्हणून काढतात, त्यामुळे इतर सगळ्या चुका तिथे जमा होतात. कायमचा दुसरीकडे गेलेला पक्षी स्थानिक नोंदींत मेल्यासारखाच दिसतो. त्यामुळे 75 ऐवजी 70 टक्के आले, तर वरच्या उदाहरणात 140 उरतात आणि पिल्लांतून आलेल्या 40 तेवढ्याच धरल्या, तर 10 माद्या कुठूनही न येता ‘पाहुण्या’ ठरतात. म्हणून जाणकार मोजणी वगळून मॉडेल पुन्हा चालवून पाहतात. जगण्याचा आकडा फार हलला, तर दोन्ही माहितींचं आपसांत पटत नाहीये आणि पाहुण्यांचा आकडा तूर्त छापण्याजोगा नाही.