कुराणाची युरोपीय भाषांतरे

कुराण लॅटिनमध्ये व पुढे इतर युरोपीय भाषांत आणण्याचे बाराव्या शतकापासून झालेले प्रयत्न. इस्लाम आणि युरोप यांचा संबंध नुसता लढायांच्या सनावळीतून पाहिला, तर हा मोठा व्यवहार नजरेआड होतो.

पहिले संपूर्ण लॅटिन भाषांतर ११४३ मध्ये पुरे झाले. क्लूनी मठाचा मठाधिपती पीटर ११४२ मध्ये फ्रान्सहून स्पेनमध्ये आला होता. मुसलमानांशी शस्त्राने नव्हे, शब्दाने भिडावे आणि त्यासाठी त्यांचा ग्रंथ आधी वाचावा, असे त्याचे म्हणणे होते. खगोल व गणितावरील अरबी पोथ्यांत रमलेल्या केटनच्या रॉबर्टला त्याने चांगला मोबदला देऊन या कामाकडे वळवले. भाषांतरकारांच्या मदतीला मोहम्मद नावाचा एक मुसलमानही होता. या भाषांतराच्या शीर्षकातच पैगंबरांना ‘खोटा प्रेषित’ म्हटले आहे. आतला मजकूर मात्र वेगळीच साक्ष देतो. रॉबर्टचे भाषांतर शब्दाला शब्द ठेवून केलेले नाही, ते बरेच सैल आहे. पण अवघड आयतींपाशी (कुराणातील वचनांपाशी) त्याने मुस्लिम भाष्यकारांनी तफसीरमध्ये, म्हणजे कुराणावरील भाष्यग्रंथांत, दिलेला अर्थ मजकुरातच गुंफला. खंडन करायला बसलेल्या माणसालाही मुसलमान आपला ग्रंथ कसा वाचतात हे आधी शिकावे लागले, ही या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट होय.

हेच भाषांतर चारशे वर्षांनी, १५४३ मध्ये, स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे छापले गेले. थिओडोर बिब्लिआंडर संपादक होता, तर ओपोरिनस मुद्रक. तुर्की फौजा १५२९ मध्ये व्हिएन्नाच्या वेशीपर्यंत येऊन गेल्या होत्या आणि १५४१ मध्ये बुडा शहर त्यांच्या हाती गेले होते. अशा वेळी नगरपरिषदेने छापलेल्या प्रती जप्त केल्या व मुद्रकाला कैदेत टाकले. ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने परिषदेला पत्र लिहून प्रकाशनाची बाजू घेतली. इस्लामविषयी त्याला मुळीच ममत्व नव्हते. ग्रंथ उघड झाला की तो आपोआप निष्प्रभ होईल, अशी त्याची खात्री होती. अखेर बंदी उठली.

आंद्रे द्यु रियेरचे फ्रेंच भाषांतर १६४७ मध्ये निघाले आणि दोनच वर्षांत त्यावरून इंग्रजी भाषांतर झाले. इटालियन धर्मगुरू मराच्ची याने १६९८ मध्ये पादुआ येथे अरबी मूळ, लॅटिन भाषांतर आणि खंडन एकत्र छापले. जॉर्ज सेलने १७३४ मध्ये थेट अरबीवरून इंग्रजी भाषांतर केले, त्यात मराच्चीचा त्याला मोठा आधार झाला. सेल अरबस्तानात कधीच गेला नव्हता. तो लंडनमध्येच अरबी शिकला. त्याची विस्तृत प्रस्तावना त्या काळाच्या मानाने पुष्कळच समतोल आहे. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनने कायद्याचा विद्यार्थी असताना १७६५ मध्ये ते पुस्तक विकत घेतले. अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेले पहिले मुस्लिम सदस्य कीथ एलिसन यांनी २००७ मध्ये शपथविधीच्या समारंभात त्याच प्रतीवर हात ठेवला.

मार्माड्यूक पिक्थॉलच्या भाषांतराचा धागा आपल्याकडेही येतो. इस्लाम स्वीकारलेला हा इंग्रज लेखक १९२० मध्ये ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा संपादक म्हणून मुंबईत आला, पुढे हैदराबादच्या निजामाच्या नोकरीत गेला. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. निजामाने भाषांतरासाठी त्याला पगारी रजा दिली. अल्-अझर या तेथील इस्लामी विद्यापीठाच्या विद्वानांना भाषांतर दाखवायला तो कैरोला गेला, तेव्हा कुराणाचे भाषांतर करणे मुळात योग्य आहे का, यावरच तेथे वाद चालू होता. ग्रंथ १९३० मध्ये निघाला. मूळ अरबीची जागा कोणतेही भाषांतर घेऊ शकत नाही, अशी त्याची श्रद्धा असल्याने त्याने शीर्षकात ‘कुराणाचा अर्थ’ एवढाच दावा केला.