वाळवी की भुंगेरा? तुळईखालच्या भुकटीचा घोळ

ठाण्यात नौपाड्याला, घंटाळीकडे १९५०-६०च्या दशकातली कौलारू घरं अजून अधूनमधून दिसतात. अशा घरातल्या सागवानी तुळया उघड्या ठेवून घर नव्याने लावायला घेतलं की एक तक्रार ठरलेली: सोफ्यावर रोज पिवळसर भुकटी पडते. निदानही ठरलेलं: 'वाळवी लागली.' मग वाळवीचं काम करणारा येतो, फरशी आणि भिंतीच्या सांध्यात फूट-फूट अंतरावर भोकं पाडतो, औषध सोडतो, पैसे घेऊन जातो. भुकटी पडतच राहते, कारण ती त्या वाळवीची नव्हतीच.

जमिनीतून येणारी वाळवी सगळ्यांना ठाऊक आहे. भिंतीवर मातीच्या नळ्या, ओलीची आवड, पहिल्या पावसात दिव्याखाली पंखांचा सडा. एवढं पुरे.

लक्षात ठेवायचं ते हे, की ही वाळवी भुकटी पाडत नाही. कोरडी हवा तिला सोसत नाही, म्हणून ती लाकडाचा वरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतून खाते आणि पोकळीत माती भरते. भोक दिसलंच तर ते बुजवून टाकते. भुंगेऱ्याचं, म्हणजे सुतार ज्याला 'बोरर' म्हणतात त्याचं, नेमकं उलट. त्याची अळी लाकडात महिनोन्‌महिने, कधी वर्षभराहूनही जास्त, पोखरत बसते आणि भुंगेरा झाल्यावर एक-दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडून निघून जातो. म्हणजे भोक दिसतं तेव्हा तो पसार झालेला असतो. त्या भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून 'बंदोबस्त केला' म्हणणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत.

यात एक तिसरा भिडू आहे आणि खरी फसगत तोच करतो. कोरड्या लाकडातली वाळवी. तिला जमीन लागत नाही, मातीच्या नळ्याही नाहीत, आणि ती खाली काहीतरी पाडते. म्हणून पडलेलं चिमटीत घेऊन चोळा. टाल्कम पावडरसारखं मऊ लागलं तर बहुधा भुंगेरा. रवाळ लागलं, बोटांत दाणे फिरले, तर ती वाळवीची विष्ठा. हे दाणे भिंगातून पाहिले तर सहा पैलू दिसतात.

मऊ भुकटी असेल तरी आधी तुळईवर संशय घेऊ नका. हे मऊ भुकटीवाले भुंगेरे बहुतेक लाकडातल्या पिष्टावर जगतात. ते लाकडाच्या बाहेरच्या फिकट भागात जास्त असतं आणि लाकूड जुनं होत जातं तसं कमी होतं. साठ वर्षांच्या सागाच्या गाभ्यात त्यांना फारसं काही मिळत नाही. गुन्हेगार सहसा नवा असतो: दोन तुळयांमध्ये ठोकलेली स्वस्त पट्टी, बांबूचा दिवा, किंवा 'जुन्या स्टाईलचं' म्हणून आणलेलं तिरक्या पायांचं रबरवुडचं टेबल. रबराचं आणि आंब्याचं लाकूड प्रक्रिया न करता वापरलं की भुंगेऱ्यांना पंगतच.

उपाय वेगळे आहेत. भुंगेऱ्यासाठी बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं द्रावण कच्च्या लाकडातच मुरतं, म्हणून पॉलिश खरवडावं लागतं. नंतर पॉलिश चढवलं की छिद्रं बुजतात आणि अंडी घालायला जागा राहत नाही. जमिनीतल्या वाळवीसाठी मात्र औषध मातीतच जायला हवं, आणि तुळईचं टोक भिंतीत जातं तिथली गळती आधी थांबवायला हवी. फुटकं कौल तसंच ठेवून औषध मारणं म्हणजे शुद्ध खर्च. तुळया पीओपीच्या छताआड झाकणं तर मला मुळीच पटत नाही. मग भोक, भुकटी, गळती काहीच दिसत नाही.

औषध मारण्याआधी भोकं ब्रशने साफ करा, खाली काळा कागद अंथरा आणि काही आठवडे थांबा. जुन्या बोगद्यांतली भुकटी पंख्याच्या हादऱ्यानेही गळते, तेव्हा नवी भोकं पडतात का तेही पाहा. कडा धारदार आणि आतलं लाकूड फिकट असेल तर भोक ताजं. काळवंडलेली भोकं जुनी, त्यांच्यावर पैसे घालवू नका.